खलाशाच्या नावची वर्गणी

रत्नागिरीतला सगळ्यात प्रसिद्ध पेन्शनर कोण, असं विचारलं तर थिबा राजाचंच नाव घ्यावं लागेल. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीला आणून ठेवलं. १९१६ मध्ये तो इथंच वारला. ही तीस वर्षं सरकार त्याला खर्चासाठी ठरावीक पैसे देत होतं. ते पुरत नाहीत म्हणून त्याच्या तक्रारी चालत, कर्जही होत असे. बाहेरगावचे पाहुणे आले की थिबा पॅलेस दाखवताना आपण हे सगळं हौसेनं सांगतो.

त्याच तीस वर्षांत इथल्या खाडीकाठच्या गावांतून शेकडो माणसं मुंबईला जाऊन बोटीवर चढत होती. राजिवडा, मिरकरवाडा, कर्ला, पलीकडे दाभोळ-जयगडपर्यंतची गावं. कुणी सारंग, कुणी टंडेल, कुणी सुखाणी, कुणी कसाब, बहुतेक साधे खलाशी. पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांच्या बोटींवर, डेकवरच्या कामावर कोकणी माणूस हमखास असे. मुसलमान जास्त, पण हिंदूही. इंग्रज त्यांना ‘लास्कर’ म्हणत. शब्द आपल्याच ‘लश्कर’वरून गेलेला, अर्थ मात्र उतरत उतरत ‘काळा खलाशी’ एवढाच उरला. यांच्या पेन्शनची गोष्ट कुणी पाहुण्यांना सांगत नाही. ती सांगावी असं गेले काही महिने डोक्यात होतं. कारण खाजगी शाळांतले आणि दवाखान्यांतले तरुण मला एकच प्रश्न विचारत असतात: सर, आमची संस्था पीएफ-पेन्शन काही भरत नाही, काय करायचं? माझं उत्तर या खलाशांपासून सुरू होतं.

लास्करची नेमणूक एका सफरीपुरती असायची. मुंबईच्या शिपिंग ऑफिसात करारनाम्यावर अंगठा उठवायचा, वर्ष-दीड वर्ष बोटीवर काढायचं, परत आल्यावर हिशेब घेऊन मोकळं व्हायचं. पुढची बोट मिळेपर्यंत गावच्या जमातीच्या खोलीत पथारी पसरायची, सारंगाची मर्जी राखायची, कर्ज काढायचं. अशी तीस वर्षं एकाच कंपनीत गेलेली माणसं होती. पण कागदावर ती तीस वर्षांची नोकरी नव्हती. ती वीस-पंचवीस सुटे करार होते, आणि प्रत्येक कराराच्या शेवटी नातं संपलेलं होतं. पेन्शन मागायची कुणाकडे? म्हाताऱ्या खलाशाला मालकच नव्हता.

पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या ते पाचव्या हिश्श्याच्या आसपास. जहाजमालकांना लास्कर हवा होता तो यासाठीच. १९१४ च्या सुमारास ब्रिटिश बोटींवर सुमारे ५१ हजार भारतीय खलाशी होते, म्हणजे सहा जणांत एकापेक्षा जास्त. ब्रिटनमधल्या खलाशांच्या संघटनांना हे डाचत होतं. स्वस्त माणसं आणून आमची रोजी मारता, ही त्यांची तक्रार.

इथं १९११ चा ब्रिटनचा राष्ट्रीय विमा कायदा येतो. लॉईड जॉर्ज अर्थमंत्री होते. कामगाराने थोडी वर्गणी द्यायची, मालकाने थोडी द्यायची, सरकारने भर घालायची आणि आजारपणात कामगाराला आधार मिळायचा, अशी ती योजना. खलाशांचा विषय निघाला तेव्हा अडचण उभी राहिली. लास्कर ब्रिटनचा रहिवासी नाही, त्याला लाभ देणार कसा? आणि त्याला योजनेतून वगळलं, तर मालकाची त्याच्या नावची वर्गणी वाचते, म्हणजे तो आणखी स्वस्त होतो. यावर तोडगा असा निघाला की, लास्करकडून काही कापायचं नाही, पण मालकाने आपला हिस्सा लास्करच्या डोक्यामागेही भरायचाच. हा पैसा खलाशांसाठीच्या वेगळ्या निधीत जाई, आणि त्यातून पुढे पेन्शन मिळू लागली ती ब्रिटिश खलाशांना. त्या निधीला लोक ‘लास्कर फंड’च म्हणत.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. आपल्याकडच्या माणसांना पेन्शन नव्हती, एवढं ऐकून होतो. पण त्यांच्या नावे वर्गणी भरली जात होती, त्यांच्या डोक्यांची मोजणी करून ती वसूल होत होती आणि तरी पेन्शन दुसऱ्याला मिळत होती, हे वेगळं प्रकरण आहे. याला चोरी म्हणता येत नाही. सगळं कायद्यानं, हिशेब ठेवून झालेलं. ज्या संसदेनं हा नियम केला तिला मत देणारा एकही माणूस आपल्या खाडीकाठी नव्हता. आणि ज्याच्या नावावर पैसा भरला जातो त्याला त्याची खबरही नव्हती.

या माणसांचं रक्त मात्र खात्यावर नीट जमा झालेलं आहे. मुंबईत मस्जिद बंदरजवळच्या खलाशीगृहात पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक भारतीय खलाशांचं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धात मेलेल्यांचा आकडा सहा हजारांच्या वर जातो.

खलाशांनी तरी पेन्शन का मागितली नाही, असा प्रश्न वर्गात एखादा मुलगा विचारेल. ते गप्प बसलेले नव्हते. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटिश बंदरांत उभ्या असलेल्या बोटींवर भारतीय खलाशांनी काम थांबवलं, शेकडो जण तुरुंगात गेले, आणि पगारवाढ पदरात पाडून घेतली. पण ती लढाई चालू पगाराची आणि युद्धभत्त्याची होती. आज पोटाला कमी पडतं तेव्हा माणूस साठीनंतरच्या पैशासाठी भांडत नाही, हे मला तरी समजू शकतं. मुंबईत खलाशांच्या युनियनचं काम करणारे दिनकर देसाई (तेच, कन्नडमध्ये चार ओळींच्या कविता लिहिणारे) यांनी १९४० मध्ये भारतीय खलाशांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्यातही मुख्य दुखणं भरतीतली लाच आणि बेकारी हेच आहे. १९४६ मध्ये सिएटलच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने खलाशांच्या पेन्शनचा स्वतंत्र करार केला. भारताने त्यावर मान्यतेची मोहोर उठवली नाही.

शेवटी भारतात खलाशांसाठी भविष्यनिर्वाह निधीचा कायदा आला तो १९६६ मध्ये. त्या कायद्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. खातं कंपनीला चिकटलेलं नव्हतं, खलाशाला चिकटलेलं होतं. बोट बदलली, मालक बदलला, मध्ये आठ महिने घरी बसावं लागलं, तरी खातं तेच. सुट्या करारांच्या आड मालक लपत होता, ती वाट त्यामुळे बंद झाली. निधी मिळतो तो एकरकमी, दरमहा पेन्शन नव्हे. तरी म्हातारपणी हातात काहीतरी पडू लागलं. आणि ते पडलं कशाच्या जोरावर? नोंदीच्या. खलाशाच्या नोकरीच्या नोंदवहीला आपले जुने लोक ‘नली’ म्हणत. कुठल्या बोटीवर चढला, कधी उतरला, कोणत्या हुद्द्यावर, वागणूक कशी, सगळं त्यात. कोकणातल्या कितीतरी घरांत घर गळलं तरी आधी नलीची ट्रंक हलवली जायची. ज्यांनी त्या सांभाळल्या त्यांचे हिशेब लागले.

नोंदीचा हा मुद्दा आपल्याला नवा असायला नको. कुरआनातली सगळ्यात लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, नमाज-रोजाबद्दल नाही. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, लहान असो की मोठा, लिहायचा कंटाळा करू नका, असं ती सांगते. मजुराचा घाम वाळायच्या आत त्याची मजुरी द्या ही हदीस आपल्या जलशांत नेहमी ऐकायला मिळते. लिहून ठेवण्याची आयत पगाराच्या संदर्भात मी क्वचितच ऐकली आहे. उलट, आपल्याच काही संस्थांत नेमणुकीचं पत्र मागितलं की ‘आपसातली माणसं आपण, कागद कशाला’ असं ऐकवलं जातं.

आता किनाऱ्यावरच्या लोकांकडे येऊ. समजा, १९५२ साली रत्नागिरीच्या एखाद्या घरात तिघे भाऊ कमावते आहेत. एक मुंबईत कापडगिरणीत, एक बोटीवर, एक खाजगी शाळेत शिक्षक. त्या वर्षी कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीचा कायदा झाला आणि सुरुवातीला ज्या सहा उद्योगांना लागू झाला त्यात कापड होतं. म्हणजे गिरणीवाल्याला लगेच पीएफ. बोटीवाल्याला १९६६ पर्यंत थांबावं लागलं. शिक्षकभाऊ अनुदानित माध्यमिक शाळेत असेल तर त्यालाही १९६६ पासूनच्या सरकारी पेन्शन योजनेचा लाभ. पण शाळा विनाअनुदानित असेल तर? पीएफचा कायदा शाळा-कॉलेजांना लागू झाला तो १९८२ मध्ये. तीस वर्षांनी. तोवर शिकवणारा माणूस कायद्याच्या लेखी कामगार नव्हता, गुरुजी होता.

हे गुरुजीपण महाग पडतं. ग्रॅच्युइटीचं उदाहरण घ्या. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शिक्षक हा ग्रॅच्युइटी कायद्याच्या व्याख्येतला ‘कर्मचारी’ नाही. तो कुशल कामगारही नाही, अकुशलही नाही, कारकूनही नाही. निकाल आदराच्या भाषेत होता, हातात मात्र शून्य. संसदेनं २००९ मध्ये व्याख्या बदलली आणि तो बदल १९९७ पासून लागू केला. खाजगी शाळांच्या संघटना पुन्हा कोर्टात गेल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरवली. म्हणजे खाजगी शाळेतल्या शिक्षकाला ग्रॅच्युइटी आहे. नाही म्हणणारा संस्थाचालक जुनी बातमी सांगतो आहे.

अनुदानित शाळांची कहाणी आपल्या वाचकांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. २०१० च्या शासननिर्णयाने त्याआधी लागलेले, पण ज्यांच्या शाळेला शंभर टक्के अनुदान त्या तारखेनंतर मिळालं, असे शिक्षकही नव्या योजनेत ढकलले गेले. शाळेला अनुदान कधी द्यायचं हे सरकारच्या हातात, आणि उशिराची शिक्षा शिक्षकाला. मार्च २०२३ च्या संपात जुन्या पेन्शनच्या घोषणा रत्नागिरीतही घुमल्या. तो लढा सरकारशी आहे, आणि संघटित आहे. मला इथं बोलायचंय ते ज्यांच्यामागे संघटना नाही त्यांच्याबद्दल. २००१ मध्ये सरकारने ‘कायम विनाअनुदानित’ हा प्रकार काढला. २००९ मध्ये ‘कायम’ शब्द काढून टाकला. शिक्षक मात्र कायम झाला नाही. त्याला मिळतो अकरा महिन्यांचा आदेश, जूनमध्ये नवा.

हा अकरा महिन्यांचा आदेश आणि लास्करचा सफरीचा करारनामा यांत मला काही फरक दिसत नाही. दोन्हींचं काम एकच, नोकरी तुटक दाखवणं. फरक पडला आहे तो कायद्यात. पीएफला कायम असण्याची अट नाही. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून हक्क सुरू होतो, तात्पुरता असो, कंत्राटी असो. आस्थापनेत वीस माणसं लागतात. ‘आमच्या शाळेत चौदाच शिक्षक आहेत’ असं सांगितलं जातं, तेव्हा शिपाई, क्लार्क, बालवाडीच्या बाई, बसचा ड्रायव्हर मोजले का ते विचारा. एकाच संस्थेची प्राथमिक शाळा, हायस्कूल आणि ज्युनिअर कॉलेज या कायद्याने एकच आस्थापना धरली जाते. एक खरी फट आहे: नोकरीला लागतानाच पगार, म्हणजे मूळ वेतन आणि महागाई भत्ता, १५ हजारांच्या वर असेल आणि आधी पीएफचं खातं नसेल, तर मालकाला सक्ती नाही. पण आमच्या भागातल्या विनाअनुदानित शाळांत पहिल्या दिवशी १५ हजार कुणाला मिळतात?

माझ्या ओळखीच्या एक शिक्षिका आहेत. खाजगी इंग्रजी शाळेत नऊ वर्षं, दर जूनला नवा आदेश. पगारातून दरमहा ‘पीएफ’ म्हणून रक्कम कापली जात होती आणि खात्याचा नंबर कुणी दिला नव्हता. त्यांना मी सांगितलं ते असं. आधी कागद गोळा करा, तक्रार नंतर. नऊच्या नऊ आदेश, बँकेचं पासबुक, जिथं मिळेल तिथं पगारपत्रक, मस्टरच्या पानाचा फोटो, बोर्डाच्या परीक्षेचे नेमणूक आदेश, स्नेहसंमेलनाची पत्रिका सुद्धा, ज्यावर तुमचं नाव शिक्षिका म्हणून छापलंय. हीच तुमची नली. मग भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाच्या संकेतस्थळावर संस्थेचं नाव टाकून बघा, तिची नोंदणी आहे का आणि ती कुणाकुणाच्या नावे पैसे भरते. नोंदणी असून तुमचं नाव नसणं आणि नोंदणीच नसणं ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, तक्रार वेगळी लिहावी लागते. मग संस्थेला पत्र, पोच घेऊन. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने. उत्तराची वाट महिनाभर बघा, वर्षभर नको.

त्यानंतर विभागीय आयुक्तांकडे लेखी तक्रार. दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात ‘निधी आपके निकट’ नावाचं शिबिर भरतं, तिथंही देता येते. कायद्याने अधिकाऱ्याला चौकशी करता येते, संस्थेची वहीखाती मागवता येतात, साक्षीला बोलावता येतं. थकबाकी ठरली की व्याज आणि वर दंड, तोही मालकाकडूनच. मालकाने आपला हिस्सा तुमच्या पगारातून कापायला कायद्याने मनाई आहे. आणि तुमच्याकडून कापून घेतलेले पैसे न भरणं हा विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा आहे. नुसती ‘चूक’ म्हणून तो मिटत नाही. मुदतीचं एक सांगायला हवं. १९५२ च्या कायद्यात अशा चौकशीला कालमर्यादा लिहिलेली नव्हती. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत पाच वर्षांची मर्यादा घातली आहे. ‘निवृत्त झाल्यावर बघू’ म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

एकटीने तक्रार करू नका, असंही सांगितलं. बाई म्हणाल्या, बाकीचे घाबरतात. घाबरणारच. पण सहा जणांच्या सह्या असल्या की एकीला काढून टाकणं अवघड होतं, आणि चौकशीत एकाच्या कागदाने दुसऱ्याची नोकरी सिद्ध होते. १९३९ चे खलाशी सुटे सुटे उभे राहिले असते तर तुरुंगवास तेवढा वाट्याला आला असता.

दोन शंका आपल्या समाजात हमखास निघतात. एक व्याजाची. सक्तीच्या पीएफमध्ये मालकाचा हिस्सा आणि त्यावरची वाढ तुमच्या ताब्यात येण्याआधीच जमा होते, त्यामुळे ती सूदमध्ये मोडत नाही, असं मत अनेक नामवंत उलेमांनी दिलेलं आहे. ज्याला खात्री हवी त्याने आपल्या मुफ्तींना विचारावं. पण या शंकेचा आधार घेऊन संस्थेने स्वतःचा हिस्सा वाचवावा, हे कुठल्या फिकहमध्ये बसतं ते मला कळलेलं नाही.

दुसरी शंका, एवढं करून मिळणार किती? हिशेब सरळ आहे. पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. १५ हजारांवर वीस वर्षं म्हणजे या सूत्राने महिन्याला सुमारे ४,२८५ रुपये. पगार ८ हजार असेल तर २,२८५. दहा वर्षं भरली नाहीत तर पेन्शन नाही, जमा रक्कम परत. किमान पेन्शन २०१४ पासून एक हजार रुपये, आणि हा आकडा लाज वाटावी इतका लहान आहे, हेही मान्य. मात्र एक गोष्ट या आकड्यांत दिसत नाही. सभासद नोकरीत असताना वारला तर त्याच्या घरच्यांच्या पेन्शनसाठी दहा वर्षांची अट लागत नाही. एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवेला किंवा विधुराला आणि पंचवीस वर्षांच्या आतल्या दोन मुलांना पेन्शन लागू होते. ती एका महिन्याची वर्गणी भरलेली नसेल, तर घरच्यांना ती नोकरी होती हे सिद्ध करण्यापासून सुरुवात करावी लागते.

त्या बाईंनी चार जणींच्या सह्या मिळवल्या. पाचवीने सही केली नाही, पण स्वतःच्या सात वर्षांच्या आदेशांच्या झेरॉक्स आणून दिल्या. तक्रार गेली आहे, आणि संस्थेने वहीखाती घेऊन हजर राहावं अशी नोटीस निघाली आहे.